पेशी कशाला धरून बसली आहे? कूर्चेच्या गाठी आणि चिकटून ठेवणारी प्रथिनं

मांडीच्या हाडात गाठ सापडते. बायोप्सी होते. काही दिवसांनी रिपोर्ट हातात येतो आणि त्यात लिहिलेलं असतं: कूर्चेपासून झालेली गाठ, ग्रेड १. कधी कधी त्याला 'काही ठिकाणी ग्रेड २ सारखं स्वरूप' अशी पुस्तीही जोडलेली असते. वाचणाऱ्याचा जीव त्या पुस्तीतच अडकतो. एक आणि दोन यांत कागदावर एका आकड्याचाच फरक, पण हाड आतून खरवडून भागणार की हाडाचा मोठा भागच काढावा लागणार, हे बरंचसं त्यावर ठरतं.

हा आकडा पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवतात. पेशींची दाटी किती, त्यांची केंद्रकं किती मोठी आणि गडद, विभाजन होत असलेल्या पेशी दिसतात का, पेशींभोवतीचा गर घट्ट आहे की बुळबुळीत झालाय, अशा खुणांवरून. ही पद्धत जुनी असली तरी कुचकामी मुळीच नाही. कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग, ग्रेड १, २ आणि ३ अशा तीन पायऱ्यांत मांडणारा एक गाजलेला अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण ग्रेड १ मध्ये ९० टक्के, ग्रेड २ मध्ये ८१ टक्के आणि ग्रेड ३ मध्ये ४३ टक्के होतं. पायऱ्या खऱ्या आहेत, हे त्यातून दिसलंच.

पंचाईत पायऱ्यांमधल्या जागेत आहे. २००७ मध्ये लांब हाडांतल्या कूर्चेच्या गाठी अनुभवी पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट अशा दोन्ही गटांना स्वतंत्रपणे दाखवल्या गेल्या. गाठ साधी आहे की कर्करोगाची, आणि कर्करोगाची असेल तर कोणत्या ग्रेडची, यावर तज्ज्ञांचं एकमत अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. त्यांच्यात कौशल्याची उणीव होती असं नाही. एन्कॉन्ड्रोमा, म्हणजे हाडाच्या आतली कूर्चेची सौम्य गाठ, आणि ग्रेड १ चा कॉन्ड्रोसार्कोमा सूक्ष्मदर्शकाखाली खरोखरच एकमेकांत मिसळून जातात. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने नावंही बदलली. २०१३ पासून ग्रेड १ साठी 'अटिपिकल कार्टिलेजिनस ट्यूमर' हे नाव आलं. २०२० मध्ये ते हातापायांच्या हाडांपुरतं ठेवलं, आणि ओटीपोट, खांद्याचं पातं, कवटीचा तळ अशा ठिकाणी तशीच दिसणारी गाठ 'ग्रेड १ कॉन्ड्रोसार्कोमा' म्हणूनच ओळखली जाऊ लागली, कारण तिथे ती जास्त त्रासदायक वागते. पेशी तशाच, जागा वेगळी, तर नावही वेगळं.

म्हणून संशोधक अशा एखाद्या खुणेच्या शोधात आहेत, जी डोळ्यांच्या अंदाजाला मोजमापाचा आधार देईल आणि ही गाठ पुढे कशी वागणार हे आधी सांगेल. अशा खुणेला 'प्रॉग्नोस्टिक मार्कर' म्हणतात, मराठीत भाकीत-खूण म्हणू. तिच्यासाठी ज्या प्रथिनांकडे पुन्हा पुन्हा बघितलं गेलं, ती म्हणजे पेशींना चिकटून ठेवणारी प्रथिनं. कल्पना सरळ आहे. कर्करोगाने जीव जातो तो बहुतेक वेळा तो दुसरीकडे पसरल्यामुळे. पसरायचं तर पेशीला आधी आपली जागा सोडावी लागते. मग तिला जागेवर धरून ठेवणारे हात मोजले तर ती सुटणार की नाही हे कळायला हवं.

विचार चांगला आहे. मात्र कूर्चेच्या बाबतीत तो इतका सरळ चालत नाही, आणि का चालत नाही हे समजून घेणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आधी कूर्चेकडे बघू. नाकाचा शेंडा बोटाने दाबून बघा, जे वाकतं आणि परत जागेवर येतं ती कूर्चा. सांध्यात हाडांच्या टोकांवर तिचंच गुळगुळीत आवरण असतं. शरीरातल्या बहुतेक ऊतींत पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. कूर्चेत उलटं आहे. प्रौढ माणसाच्या सांध्यातल्या कूर्चेत पेशींनी व्यापलेली जागा जेमतेम १ ते ५ टक्के असते. बाकी सगळा पेशींनी स्वतः विणलेला गर, ज्याला मॅट्रिक्स म्हणतात. त्यात सर्वाधिक पाणी, वजनाच्या साधारण ६५ ते ८० टक्के. पाण्याला धरून ठेवणारं अ‍ॅग्रिकन नावाचं प्रचंड मोठं प्रथिन, आणि या सगळ्याला बांधणारे टाइप २ कोलॅजनचे धागे. कूर्चेच्या आत रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतू नाहीत, लसिकावाहिन्याही नाहीत. प्रत्येक कूर्चापेशी आपापल्या छोट्या पोकळीत एकटी, किंवा विभाजनातून झालेल्या एखाद्-दोन बहिणींसोबत राहते. शेजारची पेशी तिच्या हाताला लागतच नाही.

आता चिकटवणाऱ्या प्रथिनांकडे येऊ. ती पेशीच्या पातळ आवरणात रोवलेली असतात. एक टोक बाहेर, एक आत. बाहेरचं टोक काहीतरी पकडतं, आतलं टोक पेशीच्या सांगाड्याला बांधलेलं असतं. म्हणून ती नुसता गोंद नाहीत. बाहेर पकड बसली की आत निरोप जातो: 'जागा पक्की आहे, जग', 'इथे विभाजन कर', 'इकडे सरक'. त्यांची काही घराणी आहेत. कॅडहेरिन पेशीला पेशीशी जोडतात, आणि त्यासाठी त्यांना कॅल्शियम लागतं. इंटेग्रिन मुख्यतः पेशीला मॅट्रिक्सशी जोडतात. माणसात अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांच्या जोड्या जमून त्यांचे २४ प्रकार होतात. सिलेक्टिन आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या घराण्यातली आयसीएएम-१ सारखी प्रथिनं रक्तपेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीवर थांबवण्याच्या कामी येतात. आणि या कुठल्याच घराण्यात नीट न बसणारं एक प्रथिन आहे, सीडी४४. कूर्चेच्या संदर्भात तेच सर्वांत जास्त बोलतं, त्याच्याकडे पुढे येईन.

कर्करोग आणि चिकटण्याचं नातं सर्वप्रथम स्पष्ट झालं ते त्वचा, आतडं, स्तन अशा अस्तराच्या ऊतींत. तिथे पेशी फरशांसारख्या एकमेकींना खेटून असतात आणि त्यांना बांधतो ई-कॅडहेरिन. तो गेला की फरशा सुट्या होतात. स्तनाच्या लोब्युलर प्रकारच्या कर्करोगात हे डोळ्यांना दिसतं: ई-कॅडहेरिन नाहीसा झालेल्या पेशी एकामागोमाग एक रांग धरून ऊतीत घुसलेल्या असतात, आणि हा प्रकार ओळखायला पॅथॉलॉजिस्ट ई-कॅडहेरिनचाच आधार घेतात. 'पकड सुटली की कर्करोग पसरला' हे सूत्र इथून आलं.

हेच सूत्र उचलून कूर्चेवर ठेवलं की गोंधळ होतो. जी पेशी मुळात शेजारणीचा हात धरूनच बसलेली नव्हती, तिचा हात सुटला असं कसं म्हणायचं? निरोगी कूर्चापेशीत ई-कॅडहेरिनची फारशी भूमिकाच नाही. तेव्हा कॉन्ड्रोसार्कोमात तो दिसला नाही, तर तेवढ्यावरून गाठ वाईट ठरत नाही. अस्तराच्या ऊतीत जी धोक्याची घंटा, ती इथे नेहमीची शांतता असू शकते.

एन-कॅडहेरिनची गोष्ट मात्र वेगळी आणि सुंदर आहे. गर्भात हातापायांचे कोंब फुटतात तेव्हा हाड आधी कूर्चेच्या रूपात आकार घेतं. त्यासाठी विखुरलेल्या पेशी एकत्र येऊन घट्ट पुंजके करतात. त्या वेळी त्यांच्या अंगावर एन-कॅडहेरिन भरपूर असतो, त्या खरोखर एकमेकींना बिलगलेल्या असतात. मग त्यांना 'आपण कूर्चा व्हायचं' हे ठरवता येतं. एकदा ते ठरलं की त्या मॅट्रिक्स विणू लागतात, तो साठत गेला की त्या दूर ढकलल्या जातात आणि एन-कॅडहेरिन ओसरत जातो. म्हणजे कूर्चापेशीच्या आयुष्यात एकमेकींना धरण्याचा काळ हा बालपणाचा, आणि एकटं राहणं ही प्रौढपणाची खूण. हे लक्षात ठेवलं की वरच्या ग्रेडच्या गाठीकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. तिथे पेशींची दाटी वाढलेली असते, मॅट्रिक्स कमी झालेला असतो, काही पेशी लांबट झालेल्या असतात. ते चित्र प्रौढ कूर्चेपेक्षा त्या गर्भातल्या पुंजक्याच्या जास्त जवळचं असतं. अशा गाठीत पेशी-पेशींना जोडणारं प्रथिन वाढलेलं दिसलं, तर तो अर्थ 'पकड पक्की, काळजी नको' असा लावता येणार नाही. पेशी आपलं प्रौढपण विसरते आहे, असाही तो असू शकतो. अस्तराच्या कर्करोगातल्या सूत्राच्या अगदी उलटा.

आता सीडी४४. कूर्चेच्या मॅट्रिक्समध्ये हायल्युरोनन नावाची साखरेची खूप लांब दोरी असते आणि अ‍ॅग्रिकनचे रेणू तिला लोंबकळत असतात. या दोरीचं टोक पेशीजवळ बांधायला खुंटी लागते. सीडी४४ ही ती खुंटी. पेशीभोवतीचा अगदी लगतचा मऊ गर तिच्यामुळे जागेवर राहतो. म्हणजे निरोगी कूर्चापेशीतही सीडी४४ असतोच, आणि चांगलं काम करत असतो.

मग तो धोक्याची खूण कसा? हे समजायला त्याचा दुसरा चेहरा बघायला हवा. सीडी४४ चं जनुक एकच, पण वाचताना पेशी त्याच्या मधल्या भागातले तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जोडते, आणि एकाच नावाची अनेक रूपं तयार होतात. १९९१ मध्ये उंदरांच्या जातीतल्याच, पण मोठ्या प्राण्यावर म्हणजे रॅटवर, एक प्रयोग झाला. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ज्या पेशी पसरत नव्हत्या, त्यांत सीडी४४ चं एक विशिष्ट रूप घातलं आणि त्या पसरू लागल्या. एका प्रथिनाच्या रूपबदलाने एवढा फरक पडतो, हे बघून पुढची अनेक वर्षं जवळजवळ प्रत्येक कर्करोगात सीडी४४ शोधला गेला. कूर्चेच्या गाठीही त्यात आल्या.

खुंटी पसरण्याला मदत कशी करते? एक तर ती पायाचंही काम करते. हायल्युरोननच्या दोरीवर पेशी हात टाकत पुढे जाऊ शकते, आणि ज्या गाठीत हायल्युरोनन भरपूर आहे तिथे तर तो राजमार्गच. आतल्या बाजूला सीडी४४ एझ्रिनसारख्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला जोडलेला असतो, त्यामुळे बाहेरची पकड थेट हालचालीत बदलते. शिवाय मॅट्रिक्स कापणारी काही विकरं सीडी४४ आपल्या अंगाशी धरून ठेवतो, म्हणजे कात्री नेमकी हवी तिथे चालते. आणि एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. हायल्युरोननची अखंड लांब दोरी आणि तिचे तुटलेले छोटे तुकडे, दोन्ही याच खुंटीला बसतात, पण आत जाणारे निरोप वेगळे असतात. लांब दोरी शांत ठेवते, तुकडे पेशीला चेतवतात. त्यामुळे फक्त खुंट्या मोजून भागत नाही, त्यांना काय बांधलंय हेही बघायला लागतं.

कॉन्ड्रोसार्कोमाच्या काही अभ्यासांत ज्यांच्या गाठीत सीडी४४ जास्त होता त्यांच्यात रोग पसरण्याचं प्रमाण जास्त आणि जगण्याचा काळ कमी दिसला. हा रोग दूर पसरतो तेव्हा बहुतेक वेळा फुप्फुसांत जातो, रक्तामार्फत. त्या प्रवासात आणखी एक अडथळा असतो. सामान्य पेशी आधारावरून सुटली की स्वतःहून मरते. या मरणाला 'अनॉइकिस' म्हणतात, मूळ ग्रीक शब्दात बेघर होण्याचा अर्थ आहे. शरीराची ही फार शहाणी व्यवस्था आहे, भलत्या जागी भलती पेशी रुजू नये म्हणून. पसरणाऱ्या कर्करोगाच्या पेशीला ही शिक्षा चुकवावी लागते, आणि जगण्याचे निरोप आत पाठवत राहणारी पकडीची प्रथिनं तिला त्यात साथ देतात.

इंटेग्रिनचं म्हणाल, तर अल्फा-व्ही बीटा-३ या जोडीवर प्रयोगशाळेत बरंच काम झालं आहे. कॉन्ड्रोसार्कोमाच्या पेशी बशीत वाढवून निरनिराळ्या संदेशरेणूंनी चेतवल्या की ही जोडी वाढते आणि पेशींचं सरकणं वाढतं, असं पुन्हा पुन्हा दिसलं. पण सरकण्याचं गणितही सरळ नाही. गुळगुळीत ओल्या फरशीवर पाय रोवता येत नाही म्हणून चालता येत नाही, आणि गुडघाभर चिखलात पाय सुटत नाही म्हणून चालता येत नाही. चाल येते ती मधल्या पकडीवर. १९९७ मध्ये इंटेग्रिनची पकड कमी-जास्त करून केलेल्या प्रयोगात पेशींचं तेच निघालं: सर्वांत वेगाने त्या मध्यम पकडीवर सरकल्या. म्हणून 'हे प्रथिन जितकं जास्त तितका धोका जास्त' अशी सरळ रेघ ओढता येत नाही. शिवाय बशी म्हणजे शरीर नव्हे. अल्फा-व्ही बीटा-३ ला अडवणारं सिलेंजिटाइड हे औषध मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमासाठी मोठ्या चाचणीपर्यंत गेलं, आणि २०१४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात त्याने रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही.

ही प्रथिनं मोजतात कशी, तेही बघायला हवं, कारण अर्ध्या अडचणी तिथेच आहेत. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप घेतात. हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी त्यावर टाकतात, आणि ती जिथे बसेल तिथे तपकिरी रंग उमटेल अशी रासायनिक सोय करतात. याला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. किती टक्के पेशी रंगल्या आणि रंग किती गडद, यावरून गुण देतात. ऐकायला नेमकं वाटतं. पण दहा टक्के पेशी रंगल्या तर 'आहे' म्हणायचं की पन्नास टक्के? अभ्यासागणिक ही रेषा बदलते, आणि रेषा बदलली की निष्कर्षही बदलतो. सीडी४४ ची अँटिबॉडी सगळी रूपं पकडणारी होती की एखादंच, यावरही बरंच अवलंबून असतं.

हाडाच्या गाठीत आणखी एक संकट. कूर्चेच्या गाठींत कॅल्शियमचे खडे असतात, भोवती हाड असतं, आणि ते इतकं कडक की काप निघत नाही. म्हणून तुकडा आम्लात ठेवून कॅल्शियम विरघळवतात. त्यात जी प्रथिनं शोधायची तीच बिघडू शकतात. ईडीटीए नावाचं द्रावण सौम्य असतं, पण त्याला वेळ जास्त लागतो. आम्लात फार वेळ राहिलेल्या तुकड्यात रंग आला नाही, तर प्रथिन नव्हतं की होतं ते गेलं, हे कसं सांगणार? एकाच गाठीत जागोजागी स्वभाव वेगळा असतो हेही आहेच. डीडिफरन्शिएटेड कॉन्ड्रोसार्कोमा या आक्रमक प्रकारात एका बाजूला शांत दिसणारी कूर्चा आणि तिला अगदी लागून वेगळ्याच रूपाचा भयंकर सार्कोमा असतो. सुई नेमकी शांत बाजूला लागली, तर तिथलं कुठलंही प्रथिन मोजून पलीकडचं कळणार नाही.

यापुढे जो प्रश्न येतो तो कुठल्याही भाकीत-खुणेला विचारायलाच हवा: आम्हाला आधीच माहीत नसलेलं तू काय सांगतेस? समजा सीडी४४ जास्त असलेले रुग्ण कमी जगले. पण सीडी४४ ग्रेड ३ मध्येच जास्त असेल, तर ते कमी जगले ग्रेड ३ मुळे. खूण फक्त ग्रेडचाच प्रतिध्वनी देते आहे. तिचं खरं मोल तेव्हा, जेव्हा एकाच ग्रेडच्या, एकाच जागेच्या, एकाच प्रकारे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतही ती दोन गट वेगळे करून दाखवते. हे तपासायला रुग्ण भरपूर लागतात, आणि हा रोग दुर्मीळ आहे. हाडांच्या मूळ कर्करोगांत ऑस्टिओसार्कोमानंतर त्याचा नंबर लागत असला तरी एकेका रुग्णालयात वर्षानुवर्षं जमवूनही संख्या थोडीच होते. त्यात ग्रेड २ चे, ज्यांच्यासाठी ही खूण सर्वांत जास्त हवी, ते आणखी थोडे. अशा लहान गटात योगायोगाने पडलेला फरकही मोठा दिसतो. भाकीत-खुणांचे अभ्यास कसे मांडावेत यासाठी २००५ मध्ये रिमार्क नावाची मार्गदर्शक तत्त्वं आली, ती अशाच अनुभवांतून.

म्हणून आज कूर्चेच्या गाठीचा उपचार ठरवताना सीडी४४, कॅडहेरिन किंवा इंटेग्रिन मोजून निर्णय घेतले जात नाहीत. रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख नसेल तर काही राहून गेलं असं समजू नये. निर्णय ग्रेड, गाठीची जागा, आकार, एक्स-रे, सीटी आणि एमआरआयवर दिसणारं वागणं, आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत का, यांवरच होतात. कडांना इतकं महत्त्व, कारण नेहमीच्या कॉन्ड्रोसार्कोमावर केमोथेरपी आणि साधं रेडिएशन फारसं चालत नाही, भिस्त शस्त्रक्रियेवरच असते. जनुकांकडून थोडा भरवसा वाढला आहे. हाडाच्या आतून वाढणाऱ्या कॉन्ड्रोसार्कोमांपैकी निम्म्याच्या आसपास गाठींत आयडीएच१ किंवा आयडीएच२ या जनुकांत बदल सापडतात, हे २०११ पासून माहीत आहे, आणि त्यावर नेम धरणाऱ्या औषधांच्या चाचण्याही झाल्या. मात्र हाच बदल सौम्य एन्कॉन्ड्रोमातही असतो. त्यामुळे साधी गाठ की ग्रेड १ हा मूळचा पेच त्याने सुटत नाही, आणि चिकटवणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास थांबवावा असं मला अजिबात वाटत नाही. पेशी काय धरते आणि काय सोडते, हे जनुकाच्या यादीत दिसत नाही.

ज्यांच्या हातात असा रिपोर्ट आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट उपयोगाची आहे. ग्रेडबद्दल शंका असेल तर हाडांच्या गाठींचाच अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टचं दुसरं मत घेता येतं, आणि त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागेलच असं नाही. बायोप्सीचे मेणाचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, वर्षानुवर्षं टिकतात आणि त्यांतून नवे काप घेता येतात. स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, आणि सोबत एक्स-रे, एमआरआयच्या मूळ फिल्म्स किंवा सीडीही पाठवा, नुसता त्यांचा लेखी अहवाल नको. कूर्चेची गाठ हाडात कुठे आणि कशी बसली आहे हे बघितल्याशिवाय केवळ स्लाइडवरून ग्रेड सांगायला जाणते पॅथॉलॉजिस्ट सहसा तयार होत नाहीत.